सवयीचं आमेन

आमेन हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा माझं लक्ष कुकरकडे होतं. खोटं कशाला बोलू? देवासमोर डोळे मिटून बसले होते, पण मनात एकच, की शेवटची शिट्टी झाली की व्हायची आहे. लहानपणापासूनची सवय आहे आम्हाला. मोठ्यांची प्रार्थना संपत आली, त्यांचा आवाज जरासा खाली उतरला, की आपण आमेन म्हणायचं आणि डोळे उघडायचे. त्या संध्याकाळी तसंच झालं. डोळे उघडले तर माई, म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाई, माझ्याकडे बघून रडत होत्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी ताट उचलायला न उठणारी बाई उठली, माझ्याजवळ आली आणि माझं डोकं छातीशी धरून म्हणाली, "देव तुझं भलं करो पोरी. या घरात पाळणा हलेल तो तुझ्यामुळं." मी ताईकडे बघितलं. ताई फरशीकडे बघत होती. भाऊजी उठून गॅलरीत गेले. मग हळूहळू माझ्या टाळक्यात शिरलं, की माईंनी प्रार्थनेत देवाचे आभार मानले होते. कशाबद्दल? मी ताईसाठी माझ्या पोटी तिचं मूल वाढवायला तयार झाले याबद्दल. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यावर मी आमेन म्हणून बसले होते.

आम्ही मूळच्या नगरकडच्या. पाठोपाठच्या दोघी बहिणी. घरात आजोबांपासूनची ख्रिस्ती श्रद्धा, रविवारचं मंदिर, म्हणजे आमचं चर्च, संध्याकाळचं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल, हे सगळं अंगवळणी पडलेलं. ताई लग्न होऊन इकडे बोईसरला आली, भाऊजी तारापूरच्या एका कारखान्यात, ती एका शाळेत शिकवते. माझा नवरा काविळीनं गेला तेव्हा माझी एस्तू जेमतेम चालायला लागली होती. सासरच्यांनी दारच लावून घेतलं. तेव्हा ताईच येऊन मला आणि पोरीला बोईसरजवळच्या सालवडला आपल्या घरी घेऊन आली. तो उपकार मी विसरणार नाही, कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचा नाही. पण घरातली एक बाई कमावती आणि दुसरी रिकामी असली की काम कुणाच्या वाट्याला येतं ते काय सांगायला हवं? स्वयंपाक, धुणं, माईंच्या गुडघ्यांना तेल, भाऊजींच्या शिफ्टचा डबा. मला कुणी मोलकरीण म्हटलं नाही कधी. पण एकदा खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईंनी मला जिन्यात विचारलं होतं, "तुमच्या मॅडम आहेत का घरी?" आणि मी म्हणाले होते, "आहेत." चुकतंय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

ताईला मूल राहत नव्हतं. राहायचं आणि जायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, की तिच्या गर्भाशयाला ते झेपणार नाही, सरोगसी हा एकच रस्ता उरलाय, आणि कायद्यानं त्यात पैसे देता येत नाहीत, तेव्हा शक्यतो जवळच्या नात्यातली, स्वतःचं मूल झालेली बाई लागेल. हे मी दाराआडून ऐकलं. जवळच्या नात्यातली, स्वतःचं मूल असलेली. घरात अशी एकच बाई होती आणि ती तेव्हा लसूण सोलत होती. त्यानंतर माईंनी वाचनाला याकोबाच्या घरची गोष्ट घेतली. राहेलला मूल होईना, तेव्हा तिनं आपली दासी बिल्हा नवऱ्याला दिली. दासीनं बाळंत व्हायचं ते मालकिणीच्या मांडीवर, म्हणजे मूल मालकिणीचं झालं, अशी त्या लोकांची रीत होती. माईंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "बघा, देवाच्या माणसांच्या घरात हे चालत होतं. आता तर डॉक्टरच सगळं करतात, पापाचा प्रश्नच नाही." आणि डोळे मिटून सुरू झाल्या. पुढचं सांगितलंच.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं सरळ, की नाही जमणार. अहो, इतकं सोपं असतं तर मुकी बिचारी कुणी हाका ही म्हण कशाला पडली असती? ज्या घरात माझी पोर शिकतेय, जेवतेय, त्या घराला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते? आणि माणसांना एकवेळ नाही म्हणता येईल, पण ते तर देवाला सांगून मोकळे झाले होते. मंदिरातल्या बायकांच्या सभेतही माईंनी साक्ष दिली, देवानं घरावर कशी कृपा केली ते उभं राहून सांगितलं. बायका येऊन माझे हात हातात घेत होत्या, "किती मोठं मन गं तुझं!" घरी मला दूध मिळायला लागलं, तुपाची धार मिळायला लागली. माई स्वतः उठून माझ्या हातातली बादली काढून घ्यायच्या. भाऊजी माझ्या नजरेला नजर देईनासे झाले आणि ताई माझ्याशी मोजून मापून बोलायला लागली. मला वाटलं, तिला माझा हेवा वाटतोय. शास्त्रातल्या साराला तिची दासी हागार गरोदर राहिल्यावर वाटला होता तसा.

माझी भीती वेगळीच होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. एस्तूच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. गावच्या दवाखान्यातून नगरला नेईपर्यंत माझा नवरा जीपमध्ये माझ्या गालांवर चापट्या मारत होता, झोपू नको, झोपू नको म्हणत. तो माणूस आता नाही. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर एस्तूचं कोण? ताई सांभाळेल, हो, सांभाळेल. पण तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं आल्यावर? मला माझ्याच विचारांची लाज वाटायची. सख्ख्या बहिणीबद्दल असा विचार करतेस, हेच का तुझं समर्पण? देवासाठी लोक प्राण देतात, तुला बहिणीसाठी नऊ महिने देववत नाहीत? असं मी स्वतःला बोलायचे आणि भांडी घासायचे.

दुपारी सगळं आवरलं की मी शास्त्र उघडून बिल्हाला शोधायचे. ती काय म्हणाली? काहीच नाही. पोरं झाली तिला, त्यांची नावंसुद्धा राहेलनं ठेवली. बिल्हा एक शब्द बोललेली नाही. मग मागे जाऊन हागारची गोष्ट वाचली; तिलाही सारानं मूल हवं म्हणून आपल्या नवऱ्याला, अब्राहामाला, दिलं होतं. अब्राहाम आणि सारा इतकं बोलतात तिच्याबद्दल, पण तिला नावानं एकदाही हाक मारत नाहीत. माझी दासी, तुझी दासी, एवढंच. तिला पहिल्यांदा नावानं हाक मारतो तो देवदूत, आणि तीही ती पळून गेल्यावर, रानात, झऱ्यापाशी. हे वाचून मला इतकं रडू आलं की विचारू नका. मी देवाला म्हणाले, तुला दिसतंय ना रे? मग गप्प का आहेस? मी काय रानात जाऊ का तुझ्यासाठी?

आणि गेलेच. तपासणीला मुंबईला जायची तारीख जवळ आली तशी माझी हिंमत आटली. एका दुपारी ताई शाळेत, भाऊजी कामावर, माईंचा डोळा लागलेला. मी एस्तूचे दोन फ्रॉक, माझ्या दोन साड्या पिशवीत कोंबल्या, मोबाइल बंद केला आणि पालघर गाठलं. नाशिकला आमचे मामा आहेत, तिथं जाऊ, पुढचं पुढे बघू, इतकाच बेत. बेत कसला, डोकंच चालत नव्हतं. स्टँडवर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एस्तूच्या बाटलीतलं पाणी कधीच संपलेलं. ती रडवेली झाली होती. फलाटाला गाडी लागली, बायकांचा घोळका चढायला लागला, एस्तू त्यांच्यातून सुळकन आत शिरली आणि खिडकीची जागा पकडून बसली. मीही तिच्यामागे चढले. पाटी वाचायचं सुचलंच नाही.

गाडी सुटली. कंडक्टर आला. मी म्हणाले, "एक फुल, एक हाफ, नाशिक." कंडक्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि सगळी गाडी खो खो हसायला लागली. "नाशिक? ओ बाय, ही सातपाटीची गाडी हाय! फुडं समुद्र हाय, होरीत बसून जाशील काय नाशकाला?" मी मान वर करून बघितलं तर सगळ्या कोळणी. पालघरच्या बाजारात मासे विकून परत निघालेल्या, रिकाम्या पाट्या पायांत घेऊन बसलेल्या. मला वास कसा आला नाही कोण जाणे. त्या हसत होत्या आणि मला रडू फुटलं. एस्तू मला बघून भोकाड पसरून बसली, आणि त्या गडबडीत तिला उलटीही झाली.

शेजारी बसलेली बाई वयस्क होती. ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आवाज असा की चार गल्ल्यांना ऐकू जावा. "ए, हसू नका गो! पोर बगा कशी झालीय!" असं तिनं सगळ्यांना खडसावलं, पाटीतल्या पिशवीतनं आपली पाण्याची बाटली काढली, एस्तूचं तोंड धुतलं, तिला घोट घोट पाणी पाजलं, आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. मग पदरानं आपले हात पुसत मला म्हणाली, "कुठशी आलीस गो? न कुठं चाललीस?"

या किनाऱ्यावर हे कुणीही कुणाला विचारतं. रामराम म्हणावा तसं विचारतात. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पाण्यापाशी भेटलेल्या देवदूतानं हागारला हेच विचारलं होतं. कुठून आलीस आणि कुठं चाललीस. आणि ती बिचारी अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देते, मालकिणीपासून पळून आले म्हणते. कुठं चालले ते तिला सांगताच येत नाही. मलाही आलं नाही. मी म्हणाले, "सालवडवरनं आले. बहिणीच्या घरून."  ती म्हणाली, "बरं. आता माज्या घरी चल. पोर उन्हानं सुकलीय. चा पी, न मंग बग कुठं जायचं ते."

सातपाटीला तिच्या दारापुढं बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. भिंतीवर तिच्या देवीचा फोटो, त्याला ताजा हार. एस्तूला तिनं तांदळाची भाकरी आणि गूळ दिला. पोर दोन घासांत हसायला लागली आणि मांजराच्या मागे पळाली. मी त्या बाईला सगळं सांगितलं. सख्ख्या आईला सांगितलं नसतं इतकं. ती बटाट्याच्या पोत्यावर सुके सोडे, म्हणजे वाळवलेली कोलंबी, निवडत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तू नाय बोललीस?"

"नाही बोलले."

"मंग त्याना कसा कळंल? तुज्या भनीला कसा कळंल?" तिनं हात झटकले. "हे बग बाय. आमी देवीला कौल लावतो, तवा ती पन उजवा देते नायतर डावा. डावा म्हंजे तिचा नकार, तो पन आमी घेतो ना? तुजा डावा कोन घेनार नाय, असा कसा? पन तू दिला पायजे. न घर सोडायचा त सांगून सोड. न सांगता गेलेली बाय चोर ठरते, न तू त काय चोरी केलेली नाय. जा, तोंडावर नाय बोल. त्यानी हाकलली त माजा घर हाय. मी रोज पालगरला बसते, कुनाला बी इचार."

हागारला देवदूत परत जायला सांगतो, हे मला कधीच पटलं नव्हतं. सभेत कुणी त्यावर बोललं की मी मनातल्या मनात चिडायचे. आजही मी म्हणणार नाही, की घर सोडून निघालेल्या प्रत्येक बाईनं परत जावं. काही घरं अशी असतात की तिथून पळालेलंच बरं. पण त्या दिवशी मला परत जायचं बळ आलं ते त्या शेवटच्या वाक्यानं. माझं घर आहे, असं ती म्हणाली. जायला दुसरी जागा आहे हे कळल्यावर माणूस परत जाऊ शकतो, आणि गेल्यावर ताठ उभा राहू शकतो. परतीच्या गाडीत एस्तू माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला येशूच्या आईची, मरीयेची आठवण आली. देवाला तिच्या पोटी जन्म घ्यायचा होता, तर त्यानं दूत पाठवून तिला सांगितलं आणि तिच्या होकाराची वाट बघितली. जो देव स्वतः विचारून येतो, त्याच्या नावानं आम्ही एकमेकांना न विचारता गृहीत धरतो. कमाल आहे की नाही आमची?

सालवडला उतरले तर कोपऱ्यावर ताई उभी. शाळेच्याच साडीत, घाम पुसत. मला बघून ती धावत आली आणि सगळ्यात आधी तिनं एस्तूला माझ्या खांद्यावरून स्वतःकडे घेतलं. "माईंना मी सांगितलंय, तुम्ही दोघी केळव्याला समुद्रावर गेलात म्हणून," ती हळूच म्हणाली. "कपाट उघडं दिसलं. मी ओळखलं." रागावली नाही, काही नाही. मी पाठ केलेलं सगळं विसरले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "ताई, तुला हवंय का गं हे?" मी विचारलं.

ताई मग तिथंच, बंद दुकानाच्या पायरीवर बसली, माझ्या पोरीला मांडीवर घेऊन. "नकोय," ती म्हणाली. "मला आता नकोय गं. किती सुया टोचून घेतल्या, किती वेळा आशा केली, किती वेळा पुरली. मी दमले. पण मूल होत नसलेल्या बाईनं मूल नको म्हणायचं? कोण ऐकून घेईल? आणि तू आमेन म्हणालीस. मला वाटलं, तू इतकं करायला निघालीस, आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"अगं, मी कुकरच्या शिट्टीकडे लक्ष देत होते!"

ताई आधी हसली. मग दोघी रडलो, मग परत हसलो. येणारे जाणारे बघत होते, बघू देत. एस्तूच्या वेळच्या माझ्या रक्तस्रावाची गोष्टही मला सांगता आली. ती ऐकून ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेली असतीस तर? मला सांगायचं नाही होय?" इतके दिवस मी समजत होते की या गोष्टीत हागार मी. आमच्या साराला, म्हणजे ताईलाही कुणी विचारलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

माईंना सांगितलं तेव्हा त्या खूप चिडल्या. "आता मी देवाला काय सांगू? आभार मानून झालेत!" हे त्यांचं पहिलं वाक्य. ताई म्हणाली, "सांगा, घाई झाली." माई जेवल्या नाहीत. मंदिरातल्या बायकांना काय तोंड दाखवू, नातवाचं तोंड न बघताच डोळे मिटायचे का मी, असं बरंच बोलल्या, आणि त्यात खरं दुःख होतं. ते मला आजही खुपतं. भाऊजी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "पुरे आई. दोन पोरी आहेत घरात, त्या जिवंत राहू देत." माई भिंतीकडे तोंड करून बसल्या. पण मला कुणी जा म्हटलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात तूप होतं. मी म्हणाले, "माई, आता कशाला?" तर म्हणाल्या, "गप खा. हाडं बघ तुझी."

नंतर काही दिवस माईंनी मोठ्यानं प्रार्थना केलीच नाही. वाचून झालं की नुसत्या बसायच्या. आम्हीही बसायचो. त्या शांततेतच घरातली गाठ हळूहळू सैल झाली असावी. ताई संध्याकाळी एस्तूचा अभ्यास घ्यायला लागली, धुण्याच्या बादलीला हात लावायला लागली. मी डब्यांचा छोटा धंदा सुरू केला. पालघरला गेले की त्या मावशींच्या पाटीपाशी जाते. त्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडतात, "आली गो आमची नाशिकवाली!" त्यांच्या देवीला माझा देव ठाऊक आहे की नाही, हा वाद मी घालत नाही. तहानलेल्या पोरीला त्या दिवशी पाणी मिळालं, मला कुणीतरी, कुठं चाललीस, असं विचारलं. हागार देवाला म्हणाली तसा, मला पाहणारा कुणीतरी आहे, हे मला सातपाटीच्या गाडीत कळलं, आणि त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

मग एका संध्याकाळी माईंनी डोळे मिटून परत मोठ्यानं प्रार्थना धरली. आजारी माणसांसाठी, भाऊजींच्या कामासाठी, एस्तूच्या परीक्षेसाठी. आवाज नेहमीसारखा खाली उतरला. सवयीनं माझे ओठ हलणारच होते, इतक्यात त्या थांबल्या. मी डोळे किलकिले करून बघितलं. माईंनी एक डोळा उघडला होता. त्या आधी ताईकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

"हं?" त्या म्हणाल्या. "यात कुणाचं काही राहिलं का? कुणाला काही नको असेल तर आत्ताच सांगा बायांनो."

कुकर वाजत होता. मी उठून गॅस बंद केला, परत येऊन जागेवर बसले, आणि मग म्हणाले, आमेन.